केसाने गळा

विश्वासघातासाठी आपल्या मराठीत एक फार नेमका वाक्प्रचार आहे : केसाने गळा कापणे. सुरीने गळा कापणाऱ्याचा निदान हात तरी दिसतो. पाते चमकते, माणूस ओरडतो, शेजारीपाजारी धावून येतात. केसाने कापलेल्या गळ्याचा गाजावाजा होत नाही, कारण ज्याचा कापला गेला त्यालाच ते उशिरा कळते. केसाने गळा कापेल तरी कसा, असा प्रश्न मला लहानपणी फार पडे. त्याचे उत्तर वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मिळाले, आणि तेही रोख २८,००० रुपये मोजून.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर असा विषय वाढल्याबद्दल आरंभीच क्षमा मागते. पण सणासुदीलाच आपण आरशापुढे अधिक वेळ उभे राहतो आणि सणासुदीलाच घराघरांतून छायाचित्रे निघतात, तेव्हा बोलायचे ते आताच बोललेले बरे. मी मॅट्रिक झालेली बालवाडीची बाई. सकाळी मुलांना 'अ अननसाचा' शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. वैद्यकशास्त्र मला कळते असा माझा दावा नाही. पण ज्या प्रश्नात आपली मानही गुंतली आणि मानही, म्हणजे शरीराचाही भाग आणि मनाचाही, तो प्रश्न केवळ तज्ज्ञांवर सोडून देता येत नाही.

प्रश्न असा की, वयाबरोबर सैल पडलेली, लोंबू लागलेली, दोऱ्या दिसू लागलेली मान पुन्हा पूर्ववत करायची झाली, तर शस्त्रक्रिया करावी की शस्त्राविना होणारे उपाय करावेत? सुरी की सुई?

माझ्या या फसगतीची सुरुवात एका सत्काराने झाली. माझी तिसरी कादंबरी निघाली, तेव्हा आमच्या तळेगावातल्या काही हौशी मंडळींनी शाल-श्रीफळ दिले. एका उत्साही मुलाने व्यासपीठाच्या खालून मोबाईलवर छायाचित्र काढले आणि ते गावभर गेले. त्या छायाचित्रात शाल होती, श्रीफळ होते आणि या दोहोंच्या वर एक मान होती. ती माझीच आहे हे ओळखायला मला थोडा वेळ लागला.

तळेगाव हे काचेचे गाव. लोकमान्यांच्या पाठिंब्याने अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्या पैशांतून १९०८ साली आमच्या गावात काच कारखाना निघाला. देशाच्या उद्योगासाठी माणशी एक पैसा! त्याच गावातली मी शाळामास्तरीण, एका छायाचित्रापायी पुस्तकाच्या मानधनातले २८,००० रुपये पर्समध्ये घालून, कुणाला न सांगता लोकलने पुण्यास निघाले. घरी सांगितले, प्रकाशकाकडे जाते. कादंबरीकाराला खोटे बोलण्याचा सराव असतोच. पण त्या दिवशीचे खोटे स्वतःच्या मानेसाठी होते, आणि आकुर्डी येईपर्यंत मी तीच मान खाली घालून बसले होते.

ज्या ठिकाणी गेले त्याचे नाव सांगत नाही. माझे भांडण एका दुकानाशी नाही, एका शब्दाशी आहे. तो शब्द तिथल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेला होता : 'विनाशस्त्रक्रिया'. तिथली मुलगी अतिशय गोड बोलली. "मॅडम, कापाकापी काही नाही. दुखत नाही. जेवणाच्या सुट्टीत येऊन गेलात तर शाळेत कुणाला कळणारसुद्धा नाही." कुणाला कळणार नाही, हेच तर मला हवे होते. एका काचेच्या पाटीवर बारीक अक्षरांतला मजकूर झरझर सरकला आणि मी बोटाने सही केली. मग मानेवर थंडगार लेप लावून एक यंत्र अर्धापाऊण तास फिरवण्यात आले. त्याच्या लहरींनी कातडीखाली ऊब निर्माण होते आणि कातडी आवळते, असे मला समजावण्यात आले. जाताना त्या मुलीची नजर माझ्या मानेच्या मागच्या बाजूला गेली. तिथे दोनएक वर्षांपासून कातडी काळवंडून जाडसर झाली होती. "यावर आमचा उजळवणारा लेप आहे, मॅडम," ती म्हणाली. तोही मी घेतला, आणि त्याचे पैसे वेगळे पडले.

तीन महिने मी रोज आरशात पाहिले. मान होती तशीच होती. दूरध्वनी केला तेव्हा तोच गोड आवाज म्हणाला, "मॅडम, तीन बैठका लागतात. आणि पुढे वर्षातून एकदा सगळं पुन्हा करून घ्यायचं." मी बालवाडीची बाई असले तरी गुणाकार येतो. तीन बैठकांचे ८४,००० झाले आणि दुसऱ्या वर्षी तेच पुन्हा केले तर १,६८,०००. सावकाराचे व्याज याहून निराळे काय असते?

आता दुसऱ्या मानेची हकीकत.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, सत्तावन्न वर्षांची. नवरा गेल्यापासून स्टेशन भागात तिने खानावळ चालवली. चाकणच्या आणि तळेगावच्या कारखान्यांतली शेकडो पोरे तिच्या हातचे जेवून गेली. तिला मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. अक्काने जे मनावर घेतले ते घेतलेच. दीड वर्षात तिने चोवीस किलो वजन उतरवले. वजन गेले, पण कातडी मागे राहिली. हनुवटीपासून गळ्यापर्यंत रिकाम्या पिशवीसारखी घडी लोंबू लागली. चुलीशी उभे राहिले की त्या घडीत घाम साचून पुरळ उठे. मी तिला म्हटले, "खाज सुटते म्हणून दाखव डॉक्टरला." ती म्हणाली, "खाज सुटते हे खरंच आहे गं. पण खरं कारण ते नव्हे. आरशात बघितलं की मला माझी सासू दिसते. बाई चांगली होती, पण रोज सकाळी भेटायला नको!"

अक्काने माझ्यासारखे लपवले नाही. तिने चौघांना विचारले, भिशीचे आणि बचतीचे पैसे मोजले, आणि एका प्लास्टिक सर्जन बाईंकडे नाव नोंदवून मलाच सोबत नेले. माझे गुपित अर्थातच तिला ठाऊक नव्हते.

त्या बाईंनी पहिल्या भेटीत जे केले ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी मानेला हात लावला. मी जिथे २८,००० मोजून आले होते तिथे यंत्र लागले होते, हात कुणाचा लागला नव्हता! त्यांनी अक्काला पाण्याचा घोट गिळायला लावून गळ्यावर बोटे ठेवली. म्हणाल्या, "पुढून मान भरलेली दिसली की ती चरबीच असेल असं नाही. थायरॉईडची गाठ असली तर ती गिळताना वरखाली होते. ते आधी बघायचं." मग त्यांनी आरसा धरला आणि हनुवटीखालची कातडी दोन बोटांत धरून आम्हांला मानेचे व्याकरण शिकवले. ते मी माझ्या शब्दांत सांगते.

मानेत बिघडतात त्या गोष्टी मुख्यतः तीन : कातडी, चरबी आणि स्नायू. मानेची कातडी मुळातच पातळ. तिच्यात तेलाच्या ग्रंथी थोड्या, आणि तोंडाला लावतो ते मलम आपण मानेला लावायला विसरतो, त्यामुळे ऊन तिला अधिक पोळते. चरबी हनुवटीखाली साठते. आणि कातडीखाली एक कागदासारखा पातळ, रुंद स्नायू हनुवटीपासून छातीपर्यंत पसरलेला असतो. वयाबरोबर त्याच्या कडा सुटतात आणि पुढे दोन दोऱ्या उभ्या राहतात. या तिघांपैकी कोण बिघडला आहे ते ठरल्याशिवाय उपाय सांगणे म्हणजे ताप कशाचा ते न पाहता काढा पाजणे.

ज्यांना फक्त दोऱ्या दिसतात, त्यांना बोट्युलिनम विषाच्या सूक्ष्म मात्रेची सुई उपयोगी पडते. स्नायू सैलावतो, दोऱ्या मऊ पडतात. पण तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो, आणि सुई नको तिथे गेली किंवा मात्रा अधिक झाली तर घास गिळताना त्रास होऊ शकतो. ज्यांची कातडी घट्ट आहे पण हनुवटीखाली थोडी चरबी आहे, त्यांच्यासाठी चरबी विरघळवणारे डिऑक्सिकोलिक आम्लाचे इंजेक्शन आहे. अमेरिकेत त्याला २०१५ साली मान्यता मिळाली. त्याने काही दिवस गळा सुजतो. आणि कातडी आधीच सैल असेल तर आतली चरबी गेल्यावर ती अधिकच लोंबते. लहरींची आणि ध्वनिकंपनांची यंत्रे कातडी तापवून थोडी आवळतात. ज्यांची कातडी नुकतीच सैल होऊ लागली आहे त्यांना दोन-तीन महिन्यांनी थोडा फरक दिसतो. पण हात सराईत नसेल तर आपल्या सावळ्या कातडीवर भाजल्याचे आणि काळे डाग उठू शकतात. दोऱ्याने कातडी वर ओढून धरण्याचाही प्रकार आहे. तो काही महिने टिकतो आणि क्वचित कातडीला खळ्या पाडतो. मलमांचे म्हणाल, तर उन्हापासून वाचवणारे मलम आणि अ जीवनसत्त्वाच्या वर्गातली औषधे कातडीचा पोत सुधारतात. लोंबती कातडी मात्र कुठल्याही मलमाने वर जात नाही. मलमाने ती गेली असती, तर आमच्या आज्या लोणी चोळून चिरतरुण राहिल्या असत्या.

अक्काच्या मानेला यातले काहीच लागू नव्हते. जादा झालेली कातडी तापवून नाहीशी होत नाही, ती काढावीच लागते. बाईंनी ते सांगितले, आणि मग ज्या गोष्टी ऐकून गिऱ्हाईक पळून जाईल अशा सगळ्या एकामागून एक सांगितल्या. भूल द्यावी लागेल. कानामागे आणि हनुवटीखाली छेद घेऊन स्नायूच्या कडा मध्ये आणून शिवाव्या लागतील, कातडी मागे ओढून जादा भाग कापावा लागेल. पहिल्या दिवसांत आत रक्त साकळले तर पुन्हा उघडावे लागेल. खालचा ओठ हलवणारी बारीक नस दुखावली तर हसू काही काळ, क्वचित कायमचे, वाकडे होईल. वण राहतील, आणि आपल्या लोकांत ते कधी कधी जाड होतात. सूज आणि काळेनिळे डाग उतरायला दोन-तीन आठवडे लागतील. "आणि मिश्री लावता का?" त्यांनी विचारले. अक्का तीस वर्षे मिश्री लावत आली होती. "मग आधी ती बंद. तंबाखूनं रक्तवाहिन्या आखडतात, ओढून शिवलेल्या कातडीला रक्त पोचत नाही आणि ती मरते. साखर काबूत आणि मिश्री बंद, तरच मी सुरीला हात लावीन."

मी त्या खोलीत बसून विचार करीत होते. जिथे सुरी होती तिथे मला एकही गोड शब्द ऐकू आला नाही, आणि जिथे सुरी नव्हती तिथे एकही खरा शब्द ऐकू आला नव्हता.

माझे सारे म्हणणे एवढेच आहे. सुई वाईट आणि सुरी चांगली, असे मी म्हणत नाही. यंत्रही खोटे नाही. खोटा आहे तो 'विनाशस्त्रक्रिया' या शब्दातला आव, की शस्त्र नाही म्हणजे धोका नाही, धोका नाही म्हणजे विचाराची गरज नाही. सुरीची भीती माणसाला थांबवते. चौघांना विचारायला लावते, पैसे मोजायला, रक्त तपासायला, मिश्री सोडायला लावते. भीतीने अक्काला शहाणे केले आणि गोडव्याने मला मूर्ख बनवले. विचार करून 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याचा बाईचा जो हक्क, तोच 'जेवणाच्या सुट्टीत' या दोन शब्दांत हिरावून घेतला जातो. केसाने गळा कापणे म्हणतात ते यालाच.

मग माझ्याने राहवले नाही. अक्कासमोरच मी माझे पाप सांगून टाकले. अक्का एवढेच म्हणाली, "प्रकाशकाकडे गेली होतीस म्हणे!" बाईंनी माझी मान पाहिली, मला वळायला सांगितले आणि मागच्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवले. "यावर काय केलंत?" मी लेपाचे सांगितले. त्या म्हणाल्या, "हा मळ नव्हे, रंगही नव्हे. कातडी अशी काळी आणि मखमलीसारखी जाड झाली की पुष्कळदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. तुमची पुढची मान वयाला शोभेशीच आहे, तिला मी काही करणार नाही. उद्या उपाशीपोटी रक्त तपासा." तपासले. साखर अगदी काठावर निघाली. पुढच्या मानेसाठी मी २८,००० रुपये खर्च केले होते आणि मागची मान दोन वर्षे मला फुकट सांगत होती, ते मी उजळवण्याच्या लेपाखाली झाकीत होते!

अक्काची शस्त्रक्रिया गेल्या मार्गशीर्षात झाली. खर्च १,६५,००० आला. चार दिवस ती उशांवर टेकून झोपली. कानाच्या पाळ्या कित्येक आठवडे बधिर राहिल्या. कुडी घालताना भोक सापडेना तेव्हा ती मला हाक मारी. पहिल्या पंधरवड्यात "कशाला या फंदात पडले" असे तीनदा म्हणाली. पौषात ती खानावळीत परत उभी राहिली, आणि गावाची तोंडे सुटली.

या तोंडांशी माझे दुसरे भांडण आहे. "या वयात?" "कुणाला दाखवायचंय आता?" "विधवेला शोभतं का हे?" एक सद्‌गृहस्थ मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "निसर्गाविरुद्ध जाऊ नये, बाई." त्यांच्या मिशा कलपाने काळ्याभोर होत्या, तोंडात कवळी होती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू काढून बसवलेली भिंगे होती. निसर्गाच्या इतक्या विरुद्ध गेलेला माणूस तळेगावात दुसरा शोधून सापडणार नाही! पुरुषाने केस काळे केले तर तो नीटनेटकेपणा आणि बाईने मान शिवून घेतली तर तो चाळा, हा न्याय कुठला? आमच्या या गावाची उमाबाई दाभाडे पती आणि पुत्र गेल्यावर १७३२ साली अहमदाबादेवर चालून गेली. तिलाही 'विधवेला शोभतं का' असे विचारणारे असतीलच. अक्काने कर्ज काढले नाही, कुणाला फसवले नाही, मुलांच्या तोंडचा घास काढला नाही. स्वतःच्या कष्टाचे पैसे आणि स्वतःची मान. यात गावाचा काय संबंध?

एवढे बोलून मी थांबले असते तर स्वतःवर खूश होऊन थांबले असते. पण त्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मी आणखी दोन गोष्टी पाहिल्या.

एक होते भिंतीवरचे चित्र. त्यातल्या माणसाचे नाव कावसजी. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा हा माणूस १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग आपल्या पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बेतून तो कपाळावर सपाट ठेवला, त्याभोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोलून दोन भुवयांमधला दुवा न तोडता खाली वळवली आणि बसवली. कात भिजवलेल्या चिंध्यांची पट्टी, पुढे तुपाची. सुमारे पंचविसाव्या दिवशी दुवा कापला. मुंबई इलाख्यातल्या दोघा इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली, १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती छापून आली, आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तसे नाक केले. ज्या विद्येच्या जोरावर आज जगभर माना ताणल्या जातात, तिला पाश्चात्त्य जगाचा रस्ता दाखवणारा हा माणूस आपल्या पुणे प्रांतातला. त्या पत्रात त्याची जात लिहिली आहे, नाव नाही.

दुसरी होती एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, मावळातल्या एका वाडीतली. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत अंगणातल्या पणतीवर तिची ओढणी पेटली होती. जखम भरली, पण भरताना आवळत गेली. हनुवटी छातीला जोडल्यासारखी झाली, खालचा ओठ ओढला गेला. तिची आई म्हणाली, "पाणी प्यायला मान वर होत नाही, बाई. पोर आभाळ बघत नाही." तिचा तो आवळलेला पट्टा कापून मोकळा करायचा, मांडीची कातडी आणून तिथे लावायची, आणि ती पुन्हा आवळू नये म्हणून कित्येक महिने गळ्याला पट्टा बांधून ठेवायचा. तिला 'सुरी की सुई' हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिच्यापुढे निवड नव्हतीच.

आमचे सरकार आणि विमेवाले यांच्याबद्दल मी क्वचितच चांगले बोलते. पण इथे त्यांनी रेघ नीट ओढली आहे. आरोग्यविम्याच्या ठरलेल्या अपवादांत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया येते. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतर अवयव पुन्हा घडवायचा असेल तर नाही. २०१७ सालच्या वस्तू व सेवा कराच्या नियमांतही, जन्मजात व्यंग किंवा इजा यांवरची प्लास्टिक सर्जरी आरोग्यसेवा मानली आहे, नुसत्या रूपासाठीची नाही. आणि गरीब घरच्या माणसांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांवरचे उपचार मिळू शकतात. हे त्या आईला ठाऊक नव्हते, म्हणून दोन वर्षे गेली.

माझ्या मानेला गरज नव्हती, अक्काच्या मानेला इच्छा होती आणि त्या मुलीच्या मानेला हक्क होता. तिन्ही माना एकाच खोलीत बसल्या होत्या. गरज नसलेल्या मानेसाठी जाहिरातींनी रस्ते मढवले आहेत. ज्या मानेचा हक्क आहे, तिच्या दारी ही योजना सांगायला कुणी गेले नाही. मला राग येतो तो याचा.

म्हणून वाचकहो, ज्यांना मानेचे काही करायचेच आहे त्यांना मी हसणार नाही. फक्त एवढे विचारा : माझ्या मानेत काय बिघडले आहे, कातडी, चरबी की स्नायू? हा उपाय किती महिने टिकेल आणि पाच वर्षांचा एकूण खर्च किती? सर्वांत वाईट काय होऊ शकते? तुम्ही स्वतः प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा तत्सम शिकलेले आहात का, किंवा त्वचारोगतज्ज्ञ आहात का? आणि शेवटी, मी काहीच केले नाही तर काय बिघडेल? जो वैद्य या शेवटच्या प्रश्नाला "काहीही बिघडणार नाही" असे उत्तर देतो, त्याच्या हाती सुरी असली तरी भिऊ नका. जो उत्तर द्यायचे टाळून सवलतीची तारीख सांगतो, त्याच्या हाती नुसते मलम असले तरी पळा.

आणि या दिवाळीत पणत्यांजवळ वावरताना ओढणी-पदर खोचून घ्या. कुणी भाजलेच तर शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा. गळा खोलवर भाजलेल्याच्या डोक्याखाली उशी देऊ नका, मान मोकळी ठेवायला डॉक्टर सांगतील तसे करा. एवढ्यानेही एखादी मान वाचते.

माझे ते छायाचित्र मी मोठे करून घेतले आहे. बैठकीच्या खोलीत लावले आहे, शालीसकट, श्रीफळासकट आणि मानेसकट. संध्याकाळी शाळा सुटली की तळ्याकडे चालायला जाते. साखर काठावरून मागे हटली, मागची मान थोडी निवळली. अक्का सोबत असते. ती आपली नवी मान ताठ ठेवून चालते, आणि लोक बघतात तेव्हा मुद्दामच पदर मागे सारते. त्या मुलीची शस्त्रक्रिया आषाढात झाली. गळ्यातला पट्टा अजून सुटलेला नाही. तिच्या आईचा निरोप आहे, यंदा वाडीवर आकाशकंदील बघायला या.